बंदिश कोणाची, बढत कोणाची? : ‘लेड झेपेलिन’ (१९६९) या ध्वनिमुद्रिकेचा पुनर्विचार

१२ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये प्रकाशित झालेली ‘लेड झेपेलिन’ ही ध्वनिमुद्रिका ब्लूज-रॉक या संगीतप्रकारातील अभिजात कृती मानली जाते. ती निर्माण करणारे चौघेही तरुण होते. गिटारवादक जिमी पेज २४ वर्षांचा, बास व ऑर्गन वाजवणारा जॉन पॉल जोन्स २२ वर्षांचा, तर गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमवादक जॉन बॉनम जेमतेम विशीतले. या ध्वनिमुद्रिकेवर इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. ते सामान्यतः दोन टोकांना विभागलेले दिसते. एका पक्षाला तिच्यात रॉक संगीताचा नवा आरंभ दिसतो. दुसऱ्या पक्षाला तिच्यात कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीताची उचलेगिरी दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. गाणे ही एकसंध वस्तू असून तिचा एकच मालक असतो, असे ते गृहीत आहे. आपल्याकडील संगीतविचाराने हे गृहीत कधीच स्वीकारलेले नाही. बंदिश एकाची, तिची बढत दुसऱ्याची आणि दोघांचे श्रेय वेगळे, हे खयाल ऐकणाऱ्या कोणत्याही मराठी रसिकाला समजावून सांगावे लागत नाही. या भेदाच्या आधारे सदर ध्वनिमुद्रिकेकडे पुन्हा पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात बसून हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. ज्या भागातील संगीतावर ‘पारंपरिक’ हा शिक्का सहज मारला जातो, त्या भागाला या शिक्क्याचा अर्थ लंडन-न्यूयॉर्कपेक्षा अधिक जवळून ठाऊक असतो. त्याकडे पुढे वळू. आधी कृतीचा विचार करणे उचित ठरेल.

नादाची उभारणी

‘यार्डबर्ड्स’ हा वाद्यवृंद १९६८च्या जुलैत विसर्जित झाला. उरलेल्या स्कँडिनेव्हियन दौऱ्याचे वचन पाळण्यासाठी पेजने नवे साथीदार जमवले. ऑगस्टमध्ये लंडनला पहिली तालीम, सप्टेंबरच्या आरंभी डेन्मार्कमध्ये पहिला कार्यक्रम आणि लगोलग लंडनमधील ऑलिम्पिक स्टुडिओत ध्वनिमुद्रण, असा हा वेग होता. एकूण ध्वनिमुद्रण सुमारे ३६ तासांत झाले आणि त्याला १,७८२ पौंड खर्च आला, असे पेजने सांगितले आहे. हा खर्च पेज आणि व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी स्वतः केला. कंपनीशी करार त्यानंतर झाला. हा तपशील केवळ कौतुकाचा नाही. कंपनीचा माणूस खोलीत नव्हता, म्हणूनच साडेसहा मिनिटांचे संथ ब्लूज गाणे आणि आठ मिनिटांहून अधिक लांबीची शेवटची रचना या ध्वनिमुद्रिकेत निर्वेधपणे येऊ शकली.

तिचे खरे सामर्थ्य तिच्या ‘जागेत’ आहे. त्या काळी ड्रमसंचाचे ध्वनिमुद्रण करताना ध्वनिग्राहक वाद्याच्या अगदी जवळ ठेवण्याची प्रथा होती. पेजने काही ध्वनिग्राहक दूर ठेवण्याचा आग्रह धरला. परिणामी वाद्याच्या आवाजाबरोबर खोलीचा आवाजही मुद्रित झाला. मंदिराच्या सभामंडपात वाजलेला पखवाज आणि बंद खोलीत वाजलेला पखवाज यांत जो फरक कानाला जाणवतो, तसाच हा फरक आहे. बॉनमचा ड्रम येथे ताल धरण्यापुरता राहत नाही, तो अवकाश उभा करतो. पहिल्याच ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ या अवघ्या पावणेतीन मिनिटांच्या गाण्यात त्याने एका पायाच्या एका पेडलवर घेतलेले जलद त्रिस्र आघात ऐकताना वादकाला दोन पाय वापरावे लागले असावेत असा भास होतो. विशीतल्या वादकाची ही तयारी थक्क करणारी आहे, आणि ती केवळ तयारी म्हणून समोर येत नाही, गाण्याच्या वजनात जिरून येते.

दुसरा विशेष म्हणजे मंद्र-तीव्र, हळुवार-प्रचंड यांची मांडणी. ‘बेब आयम गॉना लीव्ह यू’ या गाण्यात साध्या गिटारीच्या छेडण्यावर कुजबुजत चाललेला निरोप अचानक संपूर्ण वाद्यवृंदाच्या आघाताने फाटतो आणि पुन्हा मूळच्या शांततेत येऊन बसतो. विलंबितातून द्रुतात हळूहळू चढत जाण्याची आपली रीत येथे नाही. येथे आहे तो कडेलोट. पुढील अनेक वर्षे शेकडो वाद्यवृंदांनी या युक्तीची नक्कल केली, त्यामुळे आज ती शिळी वाटण्याचा संभव आहे. मुळातून ऐकल्यास तसे वाटत नाही, कारण शांत भागातही येणाऱ्या स्फोटाचे भय असते.

‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे. पायरी पायरी खाली उतरणारी बासची स्वरपंक्ती, तिच्यावर डगमगणारा आवाज आणि मध्ये गिटारीच्या तारांवर व्हायोलिनचा गज फिरवून काढलेले हुंकार. यात मनोरंजनाचा भाग आहेच. गज दाखवून चकित करण्याची हौसही आहे. तरीही या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत स्वतंत्र कल्पकता कोठे असेल तर ती या गजाच्या भागात आहे. त्या मानाने ‘युअर टाइम इज गॉना कम’ जोन्सच्या ऑर्गनवरील भारदस्त आरंभानंतर सामान्य पातळीवर येते आणि ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ अडीच मिनिटांत आपले काम उरकून बाजूला होते.

मार्च १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात जॉन मेंडेल्सन यांनी या ध्वनिमुद्रिकेचे प्रतिकूल परीक्षण केले. जेफ बेकच्या वाद्यवृंदाने ‘ट्रूथ’ या १९६८च्या ध्वनिमुद्रिकेत जे केले त्यापेक्षा येथे वेगळे फारसे नाही, असा त्यांचा रोख होता. या परीक्षणाची पुढे थट्टा झाली, पण त्यातील निरीक्षण निराधार नव्हते. ‘यू शुक मी’ हे गाणे दोन्ही ध्वनिमुद्रिकांत आहे, आणि दोन्हींत ऑर्गन वाजवणाराही जॉन पॉल जोन्सच आहे. तरुण वाद्यवृंदाचे नवेपण किती आणि कशात, हा प्रश्न पहिल्याच महिन्यांत उपस्थित झाला होता, एवढे त्यावरून दिसते.

वय आणि वेदना

इंग्लंडच्या मध्यभागातील विशीच्या मुलांनी मिसिसिपीच्या कापूसशेतातील थकवा गावा, यात मूलतः काही खोटे आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची एक बाजू खरी आहे. ब्लूजची बारा मात्राखंडांची चौकट, पहिली ओळ गाऊन तीच पुन्हा गाणे आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देणे, कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मध्ये कोठेतरी ठेवलेला तो दुखरा स्वर, हे सर्व शेतावर अर्धेलीने राबणाऱ्या, वर्षअखेरीस हिशेबात कर्जच शिल्लक राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांच्या जगण्यातून घडले. मडी वॉटर्स हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक १९४१ मध्ये स्टोव्हॉल या मळ्यावर राबत असताना ॲलन लोमॅक्स यांनी त्याचे गाणे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी मुद्रित केले. दोन वर्षांनी तो मळा सोडून शिकागोला गेला. (या संशोधनमोहिमेत फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय संशोधक जॉन वर्क सहभागी होते. त्यांचे लेखन दीर्घकाळ बाजूला पडले आणि ते २००५ मध्ये प्रकाशित झाले. नाव गळण्याचा रोग केवळ करमणुकीच्या धंद्यात आहे असे समजण्याचे कारण नाही, हे यावरून लक्षात यावे.)

याच सुमारास, म्हणजे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरी येथे वारली मोठ्या संख्येने जमले आणि वेठ नाकारण्याचा निर्णय झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी पिढीजात राबणारा ‘लग्नगडी’ गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथातून मराठी वाचकाला परिचित आहे. दोन प्रदेशांतील दास्याची सरळ तुलना करणे अशास्त्रीय ठरेल. अमेरिकेत वंशगुलामीचा इतिहास होता, येथे जमीनदारी आणि जंगलाचे कायदे होते. परंतु कर्जाच्या वहीतून माणूस बांधून ठेवण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे. त्यामुळे येथील वाचकाला ब्लूज ही परक्या देशातील उदास गाण्यांची शैली वाटण्याचे कारण नाही.

आक्षेपाची दुसरी बाजू मात्र टिकत नाही. ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ हे विली डिक्सन यांनी रचलेले गाणे १९५६ मध्ये प्रथम गायिले ते ओटिस रश यांनी, आणि तेव्हा ते स्वतः एकविशी-बाविशीतलेच होते. म्हणजे मूळ गायक आणि बारा वर्षांनंतर ते गाणारा प्लांट यांच्या वयात फारसे अंतर नव्हते. ब्लूज म्हणजे जख्ख म्हाताऱ्याचे गाणे ही समजूत पुढे श्रोत्यांनी तयार केली. तेव्हा वयाचा मुद्दा सोडून द्यावा हे बरे. रश यांच्या पहिल्याच लांब आर्त हाकेत जे आहे आणि प्लांटच्या गाण्यात जे नाही, ते अनुभवाचे वर्ष मोजून कळणार नाही. रश स्वर ओढतात तेव्हा तो तुटण्याची भीती वाटते; प्लांट ओढतो तेव्हा तो तुटणार नाही याची खात्री असते. दुसऱ्यात पराक्रम आहे, पहिल्यात गाणे आहे.

श्रेयाचे हिशेब

आता ध्वनिमुद्रिकेवर छापलेल्या नावांकडे वळू. एकूण नऊ रचना. त्यांपैकी ‘यू शुक मी’ आणि ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ या दोहोंवर विली डिक्सन यांचे नाव आहे. ‘बेब आयम गॉना लीव्ह यू’ ही रचना पारंपरिक असून पेजने तिची मांडणी केल्याचा निर्देश होता. उरलेल्या सहा रचना वाद्यवृंदातील सभासदांच्या नावे होत्या. (एका जुन्या करारामुळे प्लांटचे नाव रचनाकार म्हणून येऊ शकले नाही. श्रेयनामावली नेहमीच सत्य सांगते असे मानणाऱ्यांनी हा किरकोळ तपशीलही ध्यानात ठेवावा.) या सहांपैकी तीन रचनांचे मूळ अन्यत्र आहे.

येथे बंदिश आणि बढत हा भेद उपयोगी पडतो. सदारंगाची बंदिश गाणारा गायक ती आपली म्हणून सांगत नाही. सांगू म्हटले तरी बंदिशीतच सदारंगाची नाममुद्रा बसलेली असते. संतांच्या अभंगांतही हीच योजना आहे. मौखिक परंपरेत रचना शेकडो मुखांतून फिरणार हे ठाऊक असल्यामुळे कर्त्याचे नाव रचनेच्या पोटातच शिवून टाकलेले असते. दुसऱ्याची चीज गाण्यात येथे कधीही कमीपणा मानला गेला नाही. कमीपणा आहे तो मुद्रा बदलण्यात. आपली परंपरा या बाबतीत निष्कलंक आहे असे मात्र नव्हे. घराण्यांनी चीजा दडवून ठेवल्या, शिष्यांना अपुऱ्या दिल्या, आणि त्या जमवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापणाऱ्या पंडित भातखंड्यांना त्यासाठी किती खटपट करावी लागली हे सर्वश्रुत आहे. पण दडवणे आणि स्वतःच्या नावावर करणे हे दोन वेगळे दोष आहेत.

या कसोटीवर प्रत्येक गाण्याचा निकाल वेगळा लागतो, आणि म्हणूनच सरसकट ‘चोरी’ हा शब्द समीक्षेत निरुपयोगी ठरतो.

‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ घ्या. जेक होम्स या अमेरिकी गायकाने याच नावाचे गाणे १९६७ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘यार्डबर्ड्स’च्या कार्यक्रमात त्याने आधी गाऊन ते सादरही केले होते. उतरती बासपंक्ती, शीर्षक आणि गाण्याचा भाव होम्सचा. शब्द पुष्कळ बदललेले. गजाचा भाग, वाद्यवृंदाचा वेग आणि प्रचंडपणा पेज व त्याच्या साथीदारांचा. बंदिश होम्सची, बढत लेड झेपेलिनची, असे सरळ म्हणता येते. छापले गेले ते एकट्या पेजचे नाव. होम्सने २०१० मध्ये दावा दाखल केला, न्यायालयाबाहेर समझोता झाला, आणि २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘सेलिब्रेशन डे’ या मुद्रणावर रचनाकार पेज, प्रेरणा होम्सची, असा उल्लेख आला. ‘प्रेरणा’ हा शब्द येथे फार सोयीचा आहे. सूर्यास्तापासूनही प्रेरणा घेता येते. सूर्यास्ताला मानधन द्यावे लागत नाही.

‘हाऊ मेनी मोअर टाइम्स’ची गोष्ट निराळी. हाऊलिन वुल्फ यांचे १९५१चे ‘हाऊ मेनी मोअर इयर्स’ हे तिचे उघड मूळ आहे आणि मध्ये अल्बर्ट किंग यांच्या ‘द हंटर’चा तुकडाही येतो. येथे कोणी असा युक्तिवाद करू शकेल की ब्लूजमध्ये ओळी एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत राहतात, हाऊलिन वुल्फ यांनीही पूर्वसूरींकडून घेतलेच होते. जात्यावरच्या ओव्यांत एकच चरण दहा गावांत दहा रूपांत सापडतो, तसेच हे. युक्तिवाद खरा आहे, पण तो एका ठिकाणी थांबतो. ओवी गाणाऱ्या बाईने त्या चरणाची नोंदणी आपल्या नावे करून दुसऱ्या बाईला तो गाण्याचा मोबदला मागितला नाही. वाहत्या पाण्यातून सर्वांनी घागर भरावी हा न्याय आहे; एकाने बांध घालून त्याला आपले नाव दिले की न्याय बदलतो.

उलट उदाहरण ‘आय कान्ट क्विट यू बेबी’चे. येथे डिक्सन यांचे नाव छापलेले आहे. कायद्याने आक्षेपाला जागा नाही. परंतु लेड झेपेलिनने जी मांडणी घेतली ती रश यांनी १९६६ मध्ये हे गाणे पुन्हा मुद्रित केले त्या आवृत्तीची आहे. म्हणजे बंदिश डिक्सन यांची, आणि बढतीचाही मोठा हिस्सा रश यांचा. रश यांचे नाव कोठेही नाही, कारण गायकाच्या बढतीला रचना मानण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. श्रेयनामावली बिनचूक असूनही ऋण न फिटणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत याहून चांगले उदाहरण नाही.

आणि ‘बेब आयम गॉना लीव्ह यू’. पेजने हे गाणे जोन बाएझ यांच्या १९६२च्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतले होते आणि ते पारंपरिक असल्याची त्याची समजूत प्रामाणिक असू शकते. प्रत्यक्षात ॲन ब्रेडन या तरुणीने ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस रचले होते. १९९० पासून तिचे नाव छापले जाऊ लागले. मधली एकवीस वर्षे एका हयात रचनाकर्तीला ‘परंपरा’ हे नाव होते.

तबला आणि मुंबई

दुसऱ्या बाजूला ‘ब्लॅक माउंटन साइड’ हा जेमतेम सव्वादोन मिनिटांचा वाद्यतुकडा आहे. बहुतेक परीक्षणांत तो एका वाक्यात निकालात निघतो. आपल्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात गिटारीबरोबर तबला आहे, आणि तो विराम जसाणी यांनी वाजवला आहे. गिटार नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांत लावलेली असून मोकळ्या तारांचा गुंजारव तानपुऱ्याची आठवण करून देतो. तबल्याचे काम साधे आहे. कोणताही कायदा-रेला नाही, गिटारीच्या तुटक आघातांमागे धावणारा ठेका आहे. ऐकताना असे वाटते की वादकाला मोकळीक मिळाली असती तर काही घडले असते. तबला येथे संवाद करत नाही, रंग भरतो. तरीही वादकाचे नाव मूळ वेष्टनावर छापले गेले, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने नोंदवण्याजोगी आहे.

ज्याचे नाव नाही तो बर्ट जान्श. ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे जुने लोकगीत त्याला ॲन ब्रिग्ज या गायिकेकडून मिळाले. त्याने गिटारीसाठी त्याची स्वतंत्र मांडणी केली आणि ती १९६६ मध्ये ‘जॅक ओरायन’ या ध्वनिमुद्रिकेत आली. पेजचा तुकडा त्या मांडणीवर उभा आहे. चाल लोकपरंपरेतील असल्यामुळे तिच्यावर जान्शचा हक्क सिद्ध करणे अवघड. तिच्याभोवती त्याने विणलेले गिटारकाम त्याचेच, पण त्याचे मोजमाप कोणी करायचे? म्हणजे ‘पारंपरिक’ हा शब्द एका गाण्यात ब्रेडनचे नाव पुसण्यासाठी वापरला गेला, आणि दुसऱ्या गाण्यात चाल पारंपरिक असूनही तो न वापरता एका व्यक्तीचे नाव लिहिले गेले. एकाच वेष्टनावर, काही इंचांच्या अंतरात. परंपरेचा आदर हा येथे निकष नव्हता एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पेज व प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नृत्यगृहात त्यांनी स्थानिक वादकांबरोबर अनपेक्षितपणे वाजवले, ही हकीकत मुंबईच्या रॉकप्रेमींत दंतकथेसारखी सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बासरीवादक व संगीतकार विजय राघव राव यांच्या साहाय्याने त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्या गाण्यांचे भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतरीत्या प्रकाशित झाले २०१५ मध्ये, ‘कोडा’ या ध्वनिमुद्रिकेच्या विस्तारित आवृत्तीत, त्रेचाळीस वर्षांनी. ज्या नावाने ही मुद्रणे ओळखली जातात ते ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ हे सामूहिक नाव आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादकांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. पडद्यावरील गाण्यातील सतार, सारंगी, बासरी कोणी वाजवली हे अनेक दशके तबकड्यांवर छापले जात नव्हते. सामूहिक नाव देण्याची सवय परदेशी पाहुण्यांनी येथे आणली नाही. ती येथे तयारच होती.

‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थ

नरपडपासून चिखले, घोलवड, बोर्डीपर्यंत समुद्राकाठच्या चिकूच्या वाड्या आणि पूर्वेकडे डोंगरांपर्यंत पसरलेले वारली पाडे, या सर्व पट्ट्यात तारपा हे वाद्य परिचित आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादकाचा श्वास तुटत नाही. एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत राहते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे ही फिरती रांग जगभर पोहोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामुळे एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: परंपरेतून आलेल्या कलेलाही कर्ता असतो, त्याची रेषा ओळखता येते, आणि ती रेषा त्याच्या नावाने ओळखली जाऊ शकते.

तारपावादकाच्या वाट्याला हे सहसा आलेले नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तो कायदा वस्तूंचा आहे. फुंकीतून निघून हवेत विरणारी चाल ही त्याच्या दृष्टीने वस्तू नव्हे. १९५७चा कॉपीराइट कायदा कर्त्याचे नाव आणि कृतीचा काळ विचारतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीपाशी या प्रश्नांची उत्तरे नसतात. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणावरील हक्क मान्य केला, म्हणजे वादकाची बढत तत्त्वतः कायद्याच्या कक्षेत आली. ओटिस रश यांच्यासारख्याला जे साठच्या दशकात नव्हते ते काही अंशी येथे आले. पण हक्क बजावण्यासाठी आधी वादक कोण हे नोंदलेले असावे लागते. चित्रफितीखाली वा कार्यक्रमपत्रिकेवर ‘वारली लोकसंगीत’ एवढेच लिहिलेले असेल, तर हा हक्क कोणाच्या नावे मागायचा?

यावर उपाय दुर्मीळ वा खर्चिक आहे असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवी हा सर्वांत निनावी समजला जाणारा काव्यप्रकार. तरीही त्यांच्या संग्रहात ओवी कोणी गायिली आणि ती कोणत्या गावची, ही नोंद आहे. रचना कोणाची हे सांगता येत नसतानाही गाणारीचे नाव सांगता येते. हा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’मार्फत वाचकांसमोर येत आहे आणि त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव येते, कित्येकदा छायाचित्रही. विली डिक्सन यांनीही अखेरच्या वर्षांत ब्लूज कलावंतांना आपले हक्क कळावेत म्हणून शिकागोत प्रतिष्ठान उभे केले. १९८५ मध्ये ‘होल लॉटा लव्ह’ या लेड झेपेलिनच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील गाण्यावर त्यांनी केलेला दावा दोन वर्षांनी समझोत्याने मिटला होता.

या सर्वाने ‘लेड झेपेलिन’ ही ध्वनिमुद्रिका लहान होते काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे. चार तरुणांनी ३६ तासांत उभी केलेली नादसृष्टी आजही ऐकणाऱ्याला जागेवर खिळवते, आणि हाऊलिन वुल्फ यांचे १९५१चे मुद्रण आधी ऐकून मग ‘हाऊ मेनी मोअर टाइम्स’ ऐकले तर ती कमी नव्हे, अधिक कळते. बॉनमने त्या जुन्या गतीला कोठे जड केले, पेजने ती कोठे मोडली, मधल्या भागात गज पुन्हा कसा आला आणि प्लांटला अल्बर्ट किंगचा तुकडा नेमका कोणत्या वळणावर सुचला, हे तेव्हाच ऐकू येते. मूळ न सांगितल्यामुळे हा आनंदच श्रोत्यापासून हिरावला गेला होता. १९६९ मध्ये ही तबकडी घेणाऱ्या श्रोत्याने वेष्टन उलटून पाहिले असते तर त्याला शेवटच्या रचनेपुढे तीन इंग्रज तरुणांची नावे दिसली असती, आणि मेम्फिसमध्ये अठरा वर्षांपूर्वी ते गाणे गायिलेल्या माणसापर्यंत जाण्याची वाट तेथेच बंद झाली असती. हाऊलिन वुल्फ तेव्हा हयात होते आणि शिकागोत गात होते.